वानखेडे आमच्या नागपूरचे

नमस्कार, श्रोतेहो.

घरी टीव्हीवर मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवरचा सामना रंगात आला होता. नातवानं विचारलं, "आबा, हे वानखेडे कोणत्या टीममध्ये होते?" मी आवाज बारीक केला. म्हटलं, "अरे, ते आपल्या नागपूरचे पहिले महापौर!" पोरगा बघतच राहिला. त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

बॅरिस्टर शेषराव वानखेडे. जन्म १९१४ चा. नागपूरची महानगरपालिका १९५१ साली झाली आणि महापौरपदाचा पहिला मान त्यांना मिळाला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानीपण संपलं. सचिवालयातल्या कितीतरी घरांनी बिऱ्हाडं हलवली. माझ्या वडिलांना ती सल शेवटपर्यंत होती. अशा दिवसांत मुंबईच्या सरकारदरबारी आपला कुणी वजनदार माणूस असणं, याचं मोल विदर्भालाच कळे.

वानखेडेसाहेब निवडून जात ते नागपूरजवळच्या कळमेश्वरमधून. संत्र्या-कपाशीचा मुलूख. वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात त्यांनी अर्थखातं सांभाळलं. पण मला त्यांची सगळ्यात जड खुर्ची वाटते ती विधानसभा अध्यक्षाची, १९७२ ते १९७७. मंत्र्याला आपली बाजू मांडता येते. अध्यक्षानं सगळ्यांचं ऐकायचं, आणि समसमान मतं पडली तरच स्वतःचं मत द्यायचं. त्यात वर्षं कसली? आधी दुष्काळ, मग आणीबाणी. मुख्यमंत्रीही बदलले; नाईकांच्या जागी शंकरराव चव्हाण आले.

विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं वर्षातलं एक अधिवेशन आपल्याकडे भरतं. डिसेंबरची थंडी, सिव्हिल लाइन्सची झाडं, कानाला मफलर गुंडाळलेली खेड्यापाड्यांची माणसं. एका हातात निवेदनाचा चौघडी कागद, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकर. त्या वर्षांत आत अध्यक्षांच्या आसनावर नागपूरचाच माणूस बसलेला असे. बाहेर ताटकळणाऱ्याला त्याचा केवढा आधार वाटत असेल!

आता स्टेडियमचं. मुंबईत कसोटी सामने ब्रेबॉर्नवर होत. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं मैदान. तिकिटांच्या वाट्यावरून क्लबाशी मुंबई क्रिकेट असोसिएशनचे सारखे खटके उडत. असोसिएशनचे अध्यक्ष होते वानखेडेसाहेब. त्यांनी भांडण उगाळत बसण्यापेक्षा स्वतःचं मैदान बांधायचं ठरवलं. चर्चगेटजवळ जेमतेम वर्षभरात ते उभं राहिलं, आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ धावा ठोकल्या. आपण हरलो.

नातवानं सगळं ऐकून घेतलं. मग टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. समालोचक 'वानखेडे' म्हणाला, तसा तो माझ्याकडे वळून बोलला, "आबा, कळमेश्वरवाले ना?"