रुग्णालयाच्या ताऱ्यांमागचे कागद

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या सरकारी आरोग्यविम्यातील योजना बदलता येतात, आणि तिथल्या अनेक मराठी घरांत याच दिवसांत आईवडिलांच्या योजनेची चर्चा सुरू होते. वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेले आणि सलग पाच वर्षे कायम रहिवासी म्हणून तिथे राहिलेले आईवडील हप्ता भरून मेडिकेअरमध्ये येऊ शकतात. मग मुले संकेतस्थळ उघडतात, एका योजनेसमोर साडेचार तारे दिसतात, दुसरीसमोर साडेतीन, आणि निवड होऊन जाते. हे योजनांचे तारे आणि असेच रुग्णालयांना मिळणारे तारे कोणत्या कागदांवरून मोजले जातात, ते मला आज सांगायचे आहे.

यातला सर्वांत मोठा कागद म्हणजे बिल. रुग्णालय पैसे मागण्यासाठी जो क्लेम पाठवते, त्यावर आजाराचा आणि उपचाराचा सांकेतिक क्रमांक असतो. हृदयविकाराचा झटका किंवा न्यूमोनिया झालेल्यांपैकी किती रुग्ण ३० दिवसांत दगावले आणि घरी गेलेल्यांपैकी किती तेवढ्याच मुदतीत पुन्हा दाखल झाले, हे या क्लेमवरूनच काढतात. रुग्ण दुसऱ्या गावच्या रुग्णालयात दाखल झाला, तरी ती नोंद पहिल्या रुग्णालयाच्या खात्यावर पडते, कारण दोन्ही बिले मेडिकेअरकडेच येतात. रुग्णाचे वय आणि त्याचे आधीचे आजार यांचाही हिशेब धरला जातो. तसे केले नसते, तर अत्यवस्थ रुग्णांना दारातून परत न पाठवणारे रुग्णालयच सर्वांत वाईट ठरले असते.

मात्र बिल पैशांसाठी लिहिलेले असते, ही त्याची मर्यादा आहे. मधुमेही रुग्णाची एचबीएवनसी ही रक्तातील साखरेची तपासणी झाली एवढे बिलावरून कळते; साखर आटोक्यात आली की नाही, हे प्रयोगशाळेचा अहवाल किंवा केसपेपर पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून १९९० साली स्थापन झालेल्या एनसीक्यूए या आरोग्य योजनांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या ‘हेडिस’ या मोजमापात काही बाबींसाठी निवडक रुग्णांचे केसपेपर उघडून वाचले जातात, आणि योजनांनी दिलेले आकडे लेखापरीक्षकांकडून तपासून घेतले जातात. आता असे समजा की, वडील हिवाळ्यात पुण्याला आले आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी इथेच करून गेले. त्याचे बिल योजनेकडे जात नाही, आणि तो अहवाल तिथल्या डॉक्टरांच्या केसपेपरात लावून घेतला नाही, तर योजनेच्या लेखी त्यांचे डोळे तपासलेलेच नसतात. चार किंवा त्याहून अधिक तारे मिळवणाऱ्या मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे मेडिकेअरअंतर्गत खासगी कंपन्यांनी चालवलेल्या योजनांना सरकारकडून जादा रक्कम मिळते. राहिलेल्या तपासण्यांची आठवण करून देणारे फोन घरी येतात, त्यामागे हेही एक कारण असते.

काही माहिती रुग्णालये स्वतः कळवतात. रक्तवाहिनीत किंवा मूत्रमार्गात घातलेल्या नळीमुळे झालेला जंतुसंसर्ग सीडीसी या रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेच्या नोंदणी-जाळ्यात ठरलेल्या व्याख्येनुसार नोंदवावा लागतो. लीपफ्रॉग ही संस्था २०१२ पासून रुग्णालयांना सुरक्षिततेची अक्षरश्रेणी देते. ती सरकारी आकड्यांना आपल्या प्रश्नावलीची जोड देते, पण ती प्रश्नावली भरणे रुग्णालयाच्या मर्जीवर असते. बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी शतकापूर्वी आपल्या छोट्या रुग्णालयातील चुका छापून प्रसिद्ध केल्या होत्या, तेव्हा तर त्यांना असे करायला कोणी सांगितलेही नव्हते. त्यांच्याविषयी मला नितांत आदर वाटतो.

आणि चौथा कागद रुग्णाच्या हातचा. डिस्चार्जनंतर ४८ तासांपासून सहा आठवड्यांच्या आत, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडलेल्या प्रौढ रुग्णांना ‘एचकॅप्स’ ही प्रश्नावली पाठवली जाते. परिचारिकांनी तुमचे लक्षपूर्वक ऐकले का, नवे औषध कशासाठी आहे ते सांगितले का, असे प्रश्न त्यात असतात. याची उत्तरे कोणत्याही बिलात सापडणार नाहीत, म्हणून मी या कागदाला सर्वाधिक मोल देतो. ही प्रश्नावली इंग्रजीखेरीज स्पॅनिश, चिनी, रशियन, व्हिएतनामी अशा काही भाषांत मिळते. मराठीत मिळत नाही. ज्या आजीला परिचारिकेचे बोलणे समजले नाही, तिला हे पाकीटही वाचता येत नाही, आणि तिचा अनुभव सरासरीच्या बाहेरच राहतो. याची मला मनापासून खंत वाटते.

ताऱ्यांचे वयही पाहावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या २०२५ च्या योजना-ताऱ्यांतील हेडिसचे आकडे २०२३ मधल्या उपचारांचे होते. रुग्णालयांच्या बाबतीत केअर कम्पेअर या सरकारी संकेतस्थळावर एकूण ताऱ्यांच्या खाली मृत्यू, सुरक्षितता, पुन्हा दाखल होणे, रुग्णांचा अनुभव आणि वेळेवर उपचार यांचे आकडे वेगवेगळे पाहता येतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आईला नेणाऱ्याने न्यूमोनियाच्या आकड्यापेक्षा संसर्गाचा आणि अनुभवाचा आकडा आधी वाचावा, असे मी सुचवेन.

पूर्वी एचकॅप्सची उत्तरे रुग्णाने स्वतःच द्यावीत, असा नियम होता. जानेवारी २०२५ पासून डिस्चार्ज झालेल्या रुग्णांच्या वतीने दुसरी व्यक्तीही उत्तरे देऊ शकते. तेव्हा असे पाकीट घरी आले, तर आईजवळ बसा, एकेक प्रश्न तिला मराठीत विचारा आणि ती सांगेल तेच लिहा.

नमस्कार.