एका गोलाचं अंतर

नमस्कार मंडळी.

मी इथाकाला राहते. न्यूयॉर्क राज्यात, पण न्यूयॉर्क शहरापासून गाडीनं चार-साडेचार तास आत. कयूगा नावाचं लांबट सरोवर, गावातूनच जाणाऱ्या खोल घळी, धबधबे आणि वर टेकडीवर कॉर्नेल विद्यापीठ. रतन टाटा आर्किटेक्चर शिकले ते हे विद्यापीठ, असं सांगितलं की पुण्यात लगेच ओळख पटते. मी तिथल्या ग्रंथालयात नोकरी करते. म्हणून मला इथे बोलावणाऱ्या मंडळींना वाटलं, मी पुस्तकांवर बोलेन. पण गेली वीस-बावीस वर्षं नोव्हेंबर ते मार्च माझे शुक्रवार-शनिवार ज्या गोष्टीत गेले, त्या आईस हॉकीवर मला आज बोलायचंय. त्यातही एकाच सीझनवर, २०२४-२५ च्या.

आधी खेळ थोडक्यात. बर्फाचं मैदान दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद, भोवती कठडा आणि काच. गोलकीपर धरून एका बाजूला सहा जण. चेंडू नसतो, कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. तीन इंच व्यास, एक इंच जाडी. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे उसळत नाही. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. खेळाडू पाऊण मिनिट जीव तोडून खेळतात आणि खेळ चालू असतानाच कठडा ओलांडून बाकावर येतात, त्यांच्या जागी ताजे गडी उतरतात. पहिल्या वर्षी हे बघताना मला शाळेतला खो-खो आठवला. पाठीवर थाप पडावी आणि दुसऱ्यानं सुटावं, अगदी तसं. कुणी नियम मोडला, की दोन मिनिटं बाहेरच्या खोक्यात बसायचं आणि तेवढा वेळ संघानं एक गडी कमी घेऊन झुंजायचं. कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कॉलेजच्या हॉकीत तोंडावर पूर्ण जाळी किंवा काच सक्तीची असते, त्यामुळे चेहरे दिसत नाहीत. आम्ही पोरांना ओळखतो ते त्यांच्या चालीवरून. वळताना कुणाचा खांदा आधी झुकतो, कोण स्टिक जरा उंच धरतो, यावरून.

आमच्या रिंकचं नाव लायना. १९५७ साली उघडलं. त्याआधी विद्यापीठाची पोरं बीबी लेक नावाच्या तळ्यावर खेळायची, थंडी पुरेशी पडली तर. लायनात चार हजारांहून थोडी जास्त माणसं मावतात. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या नाट्यगृहाच्या चौपट-पाचपट, इतकंच. छत खाली, बाकडी लाकडी आणि आवाज असा घुमतो, की पहिल्यांदा गेले तेव्हा छातीत धडधडलं होतं. एका बाजूला विद्यार्थी, ते सामनाभर उभे. दुसऱ्या बाजूला आम्ही गावकरी.

इथले रिवाज मला तुम्हाला नीट सांगायचेत, कारण माझ्या बोलण्याचा गाभा तिथे आहे. पाहुण्या संघाच्या खेळाडूंची नावं पुकारायला लागले, की अख्खं विद्यार्थी-दालन वर्तमानपत्र उघडून वाचत बसतं, आम्हाला तुमच्यात काही रस नाही हे दाखवायला. कुणी नाव घेतं, इकडे पानं फडफडतात. मग राष्ट्रगीत. त्यात ‘रेड’ हा शब्द येतो तिथे चार हजार गळे एकदम ‘रेड!’ म्हणून गरजतात, कारण आमचा रंग लाल. समोरच्या गोलकीपरनं गोल खाल्ला, की त्याच्याकडे बोट दाखवून ‘सिव्ह, सिव्ह’ असा घोष होतो. सिव्ह म्हणजे चाळण. गाईच्या गळ्यात बांधतात तसली घंटा वाजवणारा एक जण असतो, तो ठेका देतो आणि बाकीचे उचलतात. आणि हार्वर्डचा संघ आला की बर्फावर मासे पडतात, खरेखुरे. १९७३ साली हार्वर्डच्या चाहत्यांनी आमच्या गोलच्या जाळीला कोंबडी बांधली होती. तुमचं कॉर्नेल म्हणजे शेतकी कॉलेज, असं हिणवायला. पुढच्या भेटीत कॉर्नेलवाल्यांनी किनाऱ्यावरच्या बॉस्टनकरांना मासे फेकून उत्तर दिलं. आज मासे फेकणाऱ्या पोरांचे आईबापसुद्धा तेव्हा लहान असतील, पण मासे पडतातच.

कॉलेजच्या संघात खेळाडू चार वर्षं राहतो. एखाद्याचा खेळ आपल्याला कळू लागतो, तोवर तो पदवी घेऊन निघतो. विद्यार्थी प्रेक्षकांचंही तेच, चार वर्षांत सगळी गर्दी नवी. मग टिकतं काय? आपल्या गणेश मंडळांत बघा. ढोल वाजवणारी पोरं दर काही वर्षांनी बदलतात, पण विसर्जनाला कुठल्या चौकात थांबून कुठला ठेका धरायचा, हे मंडळाला माहीत असतं. लायनात ते माहीत असणं आमच्या हातात असतं, बाकड्यांवर बसणाऱ्यांच्या. मी जेव्हा म्हणते की चाहता असणं हे काम आहे, तेव्हा मला हे म्हणायचं असतं.

माझ्या शेजारच्या जागेवर एक आजोबा बसतात. ते विद्यार्थी होते तेव्हा नेड हार्कनेस प्रशिक्षक होते. १९६७ मध्ये कॉर्नेल राष्ट्रीय विजेता झालं, तेव्हा गोलमध्ये केन ड्रायडन होता. तोच पुढे माँट्रियलकडून सहा स्टॅन्ली कप, म्हणजे व्यावसायिक हॉकीतला सर्वांत मोठा चषक, जिंकला, कॅनडात मंत्री झाला. पण आजोबा बोलतात ते १९७० बद्दल. त्या वर्षी एकोणतीस सामने, एकोणतीस विजय. हार नाही, बरोबरीसुद्धा नाही. पहिल्या श्रेणीच्या कॉलेज हॉकीत दुसऱ्या कुठल्याही विजेत्याला हे आजवर जमलेलं नाही. लेक प्लॅसिड नावाच्या गावी क्लार्कसन विद्यापीठाविरुद्ध अंतिम सामना, ६-४. तिसऱ्या भागात डॅन लोडबोआचे तीन गोल. आजोबा त्या दिवशी तिथे होते. ही गोष्ट मी किमान वीसदा ऐकलीय आणि दर वेळी पुढे सरसावून ऐकते.

१९७० नंतर मात्र राष्ट्रीय विजेतेपद नाही. शेवटच्या चार संघांत, ज्याला फ्रोझन फोर म्हणतात, आम्ही शेवटचे पोहोचलो २००३ साली. २०२० मध्ये तर देशात पहिला क्रमांक होता. तेवीस विजय, फक्त दोन पराभव, चार बरोबऱ्या. मार्चच्या त्या आठवड्यात आमच्याच रिंकवर बाद फेरीचे सामने व्हायचे होते. कोविडमुळे १२ मार्चला सगळं रद्द झालं. पुढचं वर्षभर आयव्ही लीगच्या, म्हणजे कॉर्नेल-हार्वर्डसारख्या आठ विद्यापीठांच्या, संघांनी खेळच केला नाही. मी काढलेलं तिकीट अजून स्वयंपाकघरात फ्रिजवर आहे.

२०२३ पासूनची तीन वर्षं नीट ऐका. राष्ट्रीय स्पर्धेत सोळा संघ, एक हरला की घरी. दोन सामने जिंकले की फ्रोझन फोर. २०२३ मध्ये आम्ही आदल्या वर्षीच्या विजेत्या डेन्व्हर विद्यापीठाला २-० हरवलं आणि दुसऱ्या सामन्यात बॉस्टन युनिव्हर्सिटीकडून १-२ हरलो. २०२४ मध्ये मेन विद्यापीठाला ३-१ हरवलं आणि दुसऱ्या सामन्यात डेन्व्हरकडून १-२. तेच डेन्व्हर पुढे विजेतं झालं. दोन्ही वर्षं एका गोलानं दार बंद. दोन्ही वेळा आमच्या गोलमध्ये इयन शेन.

मग २०२४ च्या जूनमध्ये बातमी आली, की माइक शेफर येत्या सीझननंतर निवृत्त होणार. शेफर १९९५ पासून आमचे प्रशिक्षक. त्याआधी ऐंशीच्या दशकात इथलेच खेळाडू आणि कप्तान. हार्वर्डविरुद्धच्या सामन्याआधी त्यांनी स्वतःच्या हेल्मेटवर आपटून स्टिक मोडली होती, ती गोष्ट गावात अजून सांगतात. त्यांची जागा घ्यायला केसी जोन्स येणार होते. तेही कॉर्नेलचेच जुने खेळाडू. पण तेरा वर्षं ते क्लार्कसनचे प्रशिक्षक होते. शेवटचं वर्ष दोघं एकाच बाकामागे उभे राहणार, असं ठरलं.

अपेक्षा मोठी होती आणि सीझन अवघड गेला. दुखापती थांबेनात. दर शुक्रवारी यादीत वेगळी नावं, एकत्र उतरणाऱ्या खेळाडूंच्या ओळी नव्यानं जुळवलेल्या. शिवाय आयव्ही लीगचे संघ बाकीच्यांपेक्षा जवळजवळ महिनाभर उशिरा खेळायला लागतात, म्हणजे चुकायला आणि सावरायलाही वेळ कमी. त्यात त्याच नोव्हेंबरमध्ये ठरलं, की कॅनडाच्या मोठ्या ज्युनिअर लीगमधले खेळाडू पुढच्या वर्षीपासून अमेरिकी कॉलेजांतून खेळू शकतील. आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. मोठी कॉलेजं आता काय काय घेऊन येतील, याची चर्चा आमच्या बाकड्यांवर हिवाळाभर चालली. मला त्या नियमाचा राग नाही, पोरांसाठी तो न्याय्यच आहे. पण शेफरना जे जग माहीत होतं, ते त्यांच्याबरोबरच मावळतंय, हे सगळ्यांना दिसत होतं.

फेब्रुवारीत लायनात एक वेगळंच वातावरण असायचं. संघ हरला तरी माणसं लवकर उठेनात. एरवी आपण निकालासाठी थांबतो, इथे माणसं माणसासाठी थांबत होती. महिलांचा संघ त्याच सुमारास सुरेख खेळत होता. तो मार्चमध्ये फ्रोझन फोरला पोहोचलासुद्धा. त्या सामन्यांना गर्दी आणखी व्हायला हवी होती, हे मी आमच्या गावातही बोलते आणि इथेही.

राष्ट्रीय स्पर्धेत जायचं तर आता एकच वाट उरली होती, आपल्या गटाची, ईसीएसीची स्पर्धा जिंकायची. उपांत्य आणि अंतिम सामना लेक प्लॅसिडला. आजोबांच्या गुडघ्यांना लांबचा प्रवास झेपत नाही, पण ते म्हणाले, या वेळी जायचंच. पाच तास बर्फाळ रस्त्यानं गेलो. शुक्रवारी क्विनिपिॲकला ओव्हरटाइममध्ये ३-२ हरवलं. शनिवारी, २२ मार्चला, अंतिम फेरीत समोर कोण? क्लार्कसन. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, बोलले काहीच नाहीत. पंचावन्न वर्षांनी तेच गाव आणि तोच प्रतिस्पर्धी. आमच्या बाकामागे केसी जोन्स, आणि समोर त्यांनीच आदल्या वर्षापर्यंत घडवलेली पोरं. ३-१ जिंकलो. हस्तांदोलनाच्या रांगेत जोन्स क्लार्कसनच्या पोरांसमोरून जात होते, ते मी कप उचलण्यापेक्षा जास्त लक्ष देऊन पाहिलं.

पाच दिवसांनी ओहायोतल्या टोलीडोला मिशिगन स्टेट. सबंध स्पर्धेत दुसऱ्या मानांकनाचा संघ, ज्यात त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू आयझॅक हॉवर्ड. आम्हाला कुणी धरलंच नव्हतं. शेवटच्या मिनिटात ३-३. ओव्हरटाइमच्या तयारीनं मी पाण्याची बाटली उघडली आणि दहा सेकंद उरले असताना सुलिव्हन मॅकनं गोल केला. आजूबाजूला कोण कुणाला मिठी मारत होतं कळेना. मी आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

आणि शनिवारी, २९ मार्चला, पुन्हा दुसरा सामना. समोर पुन्हा बॉस्टन युनिव्हर्सिटी. २-२. ओव्हरटाइम. तिथे जो पहिला गोल करेल तो जिंकला, घड्याळाला अर्थ नसतो. दर वेळी पक आमच्या गोलकडे गेला, की मी श्वास धरायचे. क्विन हटसननं तो गोल केला.

३-२. सलग तिसरं वर्ष, तोच टप्पा, तोच एक गोल. इयन शेन गुडघ्यांवर बर्फात बसून होता. तीनही वर्षं तोच पोरगा तिथे होता आणि त्याची चार वर्षं आता संपली होती. शेफर एकेका खेळाडूजवळ जाऊन काहीतरी बोलत होते. आमच्या बाजूचे लोक टाळ्या वाजवायला लागले, आधी विस्कळीत, मग ठेक्यात. तो ठेका घंटेचा होता. घंटा नव्हती, हातांनीच. बर्फ मोकळा होईपर्यंत तो थांबला नाही. मला इतक्या लांबून मुद्दाम येऊन तुम्हाला काय सांगायचं होतं, तर त्या टाळ्या.

टोलीडोहून इथाका सहा-सात तास. एरी सरोवराच्या कडेकडेनं क्लीव्हलंड, बफलो करत रात्रीच निघालो. आजोबा शेजारी बसून होते. बराच वेळ कुणी बोललं नाही. बफलोच्या अलीकडे त्यांनी १९७० ची गोष्ट काढली आणि मी ती पुन्हा ऐकली. मग म्हणाले, आता मॅकच्या गोलाची गोष्ट तू सांगायचीस, माझ्यापेक्षा तुझ्याकडे वर्षं जास्त आहेत.

त्यांना घरी सोडलं तेव्हा तारीख बदलली होती. ३० मार्च, पाडवा. चार तास झोपून उठले. कडुलिंब आमच्याकडे मिळत नाही, साखरेची गाठी मात्र बहिणीनं इथूनच पाठवली होती. गुढीला दर वर्षी हिरवा खण असतो. त्या सकाळी तो शोधत बसले नाही. टोलीडोला गळ्यात होता तो लाल मफलर अजून दाराजवळ खुंटीवर होता, तोच धुऊन, इस्त्री करून बांधला. दहाच्या सुमारास फिरायला निघालेले आजोबा फाटकाशी थांबले, गुढीकडे बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, हे किती दिवस उभं ठेवायचं असतं?