शाळेची छायाचित्रे शाळेतच राहावीत

(दृश्य : शाळेचे आवार, ध्वजस्तंभ, परिपाठासाठी रांगेत उभी मुले. निवेदन सुरू.)

जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षभर छायाचित्रे काढली जातात. प्रवेशोत्सवाला पहिलीच्या मुलांचे स्वागत होते तेव्हा, आषाढीच्या दिंडीला, वृक्षारोपणाला, १५ ऑगस्टच्या प्रभातफेरीला, पुढे बालआनंद मेळाव्याला, क्रीडा स्पर्धांना, सहलीला आणि स्नेहसंमेलनाला. यांशिवाय केंद्रप्रमुख किंवा गटशिक्षणाधिकारी कार्यालय मागेल तेव्हा पोषण आहाराची, परसबागेची आणि हात धुण्याच्या जागेची छायाचित्रे पाठवावी लागतात, ती वेगळीच. हे सारे टिपणारा कॅमेरा बहुतेक ठिकाणी शिक्षकाचा स्वतःचा मोबाइल असतो. मग त्या शिक्षकाची बदली होते, मोबाइल त्याच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातो, आणि शाळेची पाच-सहा वर्षे त्या मोबाइलमधून निघून जातात. शाळेच्या शतक महोत्सवाची स्मरणिका काढण्याची वेळ येते तेव्हा १९६० च्या सुमाराचे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले वर्गाचे छायाचित्र कपाटात सापडते, पण दहा वर्षांपूर्वीचे एकही सापडत नाही.

छायाचित्रे शिक्षकाने काढली तरी ती शाळेची आहेत, हे मनाशी धरून संगणकाचे काम कसे करावे, एवढाच या माहितीपटाचा विषय आहे. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. शाळेत असलेला साधा संगणक, एक हार्ड डिस्क आणि महिन्यातून एखाद्या शनिवारचा तासभर पुरतो.

(दृश्य : मोबाइलवरील व्हॉट्सॲपचा गट, एकामागून एक येणारी छायाचित्रे.)

सुरुवात व्हॉट्सॲपपासूनच करावी लागेल, कारण शाळेच्या छायाचित्रांचे सर्वांत जास्त नुकसान तिथे होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. साधारण १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलने काढलेले छायाचित्र ४००० बाय ३००० बिंदूंचे (पिक्सेलचे) असते आणि त्याचा आकार बहुधा ३ ते ५ एमबी भरतो. तेच छायाचित्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवले की त्याची लांब बाजू सुमारे १६०० बिंदूंवर येते आणि आकार काहीशे केबी उरतो. मोबाइलच्या पडद्यावर फरक जाणवत नाही. छपाईत मात्र तो लगेच उघडा पडतो. एका इंचाला ३०० बिंदू या चांगल्या छपाईच्या हिशेबाने मूळ छायाचित्र तेरा इंचांपर्यंत स्वच्छ छापता येते, तर व्हॉट्सॲपवरून आलेले जेमतेम सव्वापाच इंचांपर्यंत. स्मरणिकेच्या पूर्ण पानावर धूसर छापलेली छायाचित्रे आपण पाहतो, त्यांतल्या अनेकांचे कारण हेच असते, आणि दोष मात्र छापखान्याला दिला जातो.

आकारापेक्षाही मोठे नुकसान माहितीचे आहे. मोबाइल छायाचित्र काढतो तेव्हा तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा प्रकार आणि परवानगी दिलेली असल्यास ठिकाणही फाइलच्या पोटात लिहून ठेवतो. या नोंदीला एक्झिफ असे म्हणतात. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवलेल्या फाइलमधून ही नोंद पुसली जाते. फाइलच्या नावात ‘आयएमजी’, मग एक तारीख आणि पुढे ‘डब्ल्यूए’ अशी अक्षरे दिसतात, पण ती तारीख छायाचित्र काढल्याची असेलच असे नाही. सहलीहून परतल्यावर चार दिवसांनी कोणी पाठवले, तर तिथे चार दिवसांनंतरची तारीख पडते. म्हणून सहकारी शिक्षकांकडून छायाचित्रे मागवताना ती डॉक्युमेंट या पर्यायाने पाठवण्यास सांगावे. त्या मार्गाने मूळ फाइल आहे तशी पोहोचते. एचडी हा पर्याय नेहमीच्यापेक्षा बरा असला, तरी तोही मूळ फाइलची जागा घेत नाही. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे मोबाइल डेटा केबलने संगणकाला जोडून छायाचित्रे थेट उतरवून घेणे.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर उघडलेले फोल्डर, फाइलची नावे बदलणारे हात.)

छायाचित्रे संगणकात आली की पहिला प्रश्न फोल्डरचा येतो. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिल-मेमध्ये संपते, म्हणून मुख्य फोल्डर शैक्षणिक वर्षाचे असावे : २०२४-२५, २०२५-२६. त्याच्या आत प्रत्येक कार्यक्रमाचे एक फोल्डर, आणि त्याच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कार्यक्रम. उदाहरणार्थ, ‘२०२५-०८-१५ स्वातंत्र्यदिन प्रभातफेरी’. आपल्याला दिवस आधी लिहिण्याची सवय आहे, परंतु संगणक नावे डावीकडून वाचून क्रम लावतो. दिवस आधी लिहिला, तर १५ ऑगस्ट आणि १५ जानेवारी शेजारी येतात. महिन्यांची नावे अक्षरांत लिहिली, तर जानेवारीच्याही आधी ऑक्टोबर येऊन बसतो. वर्ष आधी आणि महिना दोन आकडी ठेवला, की कोणतीही खटपट न करता सारे वर्ष कालक्रमाने उभे राहते.

फाइलचे नाव देवनागरीत ठेवण्यास हरकत नाही. आजचे संगणक युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणित पद्धतीतले मराठी, व्यवस्थित ओळखतात आणि शोधतातही. आकडे मात्र सर्व नावांत एकाच लिपीतले असावेत, म्हणजे क्रम बिघडत नाही. नावात तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दिसणारे कोलन किंवा सरळ दुहेरी अवतरणचिन्ह विंडोज स्वीकारत नाही, त्यामुळे १५/८/२०२५ असे नाव देताच येत नाही. अनेक छायाचित्रांना एकदम नाव द्यायचे असेल, तर ती सर्व निवडून एफ-२ ही कळ दाबावी आणि नाव टाइप करावे. विंडोज प्रत्येकापुढे कंसात अनुक्रमांक लावते. चुकीचे नाव पडले, तर कंट्रोल आणि झेड या कळांनी ते लगेच मागे घेता येते.

नावे देण्यापूर्वी निवड करावी, आणि ती निष्ठुरपणे करावी. स्नेहसंमेलनाची २०० छायाचित्रे प्रत्येकी ४ एमबी धरली, तर एका संध्याकाळीच ८०० एमबी जागा जाते. त्यांतली डोळे मिटलेली, हललेली आणि एकाच नाचाची सलग दहा छायाचित्रे काढून टाकली, की वीस-पंचवीस उरतात आणि तीच पुढे कोणी पाहणार असते. जे छायाचित्र कलादृष्ट्या सामान्य आहे पण ज्यात जुनी इमारत, फळ्यावरचा मजकूर किंवा संपूर्ण वर्ग दिसतो, ते अवश्य ठेवावे. पन्नास वर्षांनंतर शाळा कशी होती, हे अशाच छायाचित्रांतून कळते. हारतुरे आणि सत्कार यांतून फारसे कळत नाही.

यानंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे. वर्गाच्या सामूहिक छायाचित्रातील मुलांची नावे लिहून ठेवावीत. पुढची रांग, मधली रांग, मागची रांग, प्रत्येक रांग डावीकडून उजवीकडे. जुन्या काळी ही नावे पुठ्ठ्यावर किंवा मागच्या बाजूला शाईने लिहिली जात, म्हणूनच आज गावातले वयस्कर लोक त्या छायाचित्रावर बोट ठेवून आपले वडील ओळखू शकतात. आता त्याच फोल्डरमध्ये ‘नावे’ या शीर्षकाची एक साधी मजकूर-फाइल ठेवावी. ती युनिकोडमध्येच टाइप करावी. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन दिसतो. जुन्या विंडोजमधील नोटपॅड वापरत असल्यास फाइल साठवताना एन्कोडिंगच्या (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीच्या) जागी यूटीएफ-८ हा युनिकोडचा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उरतात. नावे वर्ग चालू असतानाच लिहावीत; चौथीची मुले पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत गेली, की आठवण वर्षभरात पुसट होते.

(दृश्य : पुराच्या पाण्याच्या खुणा असलेली भिंत, लोखंडी कपाट.)

एकाच ठिकाणी ठेवलेले छायाचित्र सुरक्षित आहे, असे मानू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. अशा पुरात तळमजल्यावरचा संगणक आणि त्याच खोलीतल्या कपाटातली हार्ड डिस्क एकाच वेळी जाते. छायाचित्रकारांच्या व्यवसायात यासाठी एक रुळलेला नियम आहे : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. शाळेसाठी याचा सोपा अर्थ असा की एक प्रत संगणकात, दुसरी हार्ड डिस्कवर, आणि तिसरी शाळेच्या नावाने काढलेल्या ऑनलाइन खात्यात. इंटरनेट नसेल, तर तिसरी प्रत केंद्रशाळेत ठेवता येते. प्रत काढल्याने छायाचित्राचा दर्जा उतरतो, असा एक गैरसमज आहे. तो उतरत नाही. प्रत हुबेहूब असते. दर्जा उतरतो तो जेपेग फाइल (मोबाइलच्या छायाचित्रांची नेहमीची फाइल) उघडून, कातरून किंवा उजळ करून पुन्हा साठवली की, आणि दर वेळी थोडा थोडा. म्हणून मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करावे.

पेनड्राइव्ह हे नेण्या-आणण्याचे साधन आहे, साठवणीचे नाही. त्याची स्मृती वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास क्षीण होऊ शकते, आणि त्यावरून पुसलेली फाइल सहसा संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. तो ओढून न काढता इजेक्ट करूनच काढावा.

गुगल फोटोज अनेक शाळा वापरतात. जून २०२१ पासून तेथील अमर्याद मोफत साठवण बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि छायाचित्रे मिळून १५ जीबी मोफत मिळते. या सेवेविषयी एक गोष्ट फार काळजीपूर्वक समजून घ्यावी. मोबाइलमधील जागा रिकामी करण्यासाठी त्या ॲपमधून छायाचित्र पुसले, तर ते ऑनलाइन खात्यातूनही जाते. बिनमध्ये ते ६० दिवस राहते आणि मग कायमचे नष्ट होते. फक्त मोबाइलमधली प्रत काढायची असेल, तर ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरावा. एखाद्या शिक्षकाने भरलेला मोबाइल रिकामा करावा आणि त्याबरोबर शाळेचे सहा वर्षांचे फोल्डर जावे, हे सहज घडू शकते.

(दृश्य : मुलांच्या पाठमोऱ्या रांगा, चेहरे न दिसणारी चित्रणे.)

आता मुलांविषयी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर दिला आहे. कायद्यापलीकडेही शिक्षकाने स्वतःला विचारावे, की मोफत गणवेश किंवा वह्या हातात घेऊन दात्यांसमोर उभ्या केलेल्या मुलीचा चेहरा साऱ्या गावाच्या मोबाइलवर का फिरावा. वाटपाची नोंद हवी असेल, तर वस्तूंचे आणि मुलांच्या पाठमोऱ्या रांगेचे छायाचित्र पुरेसे आहे. प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून लेखी संमती घ्यावी आणि ती नाकारण्याची मुभा त्यांना खरोखर असावी. अत्याचारपीडित किंवा विधिसंघर्षग्रस्त (कायदा मोडल्याचा आरोप असलेल्या) बालकाची ओळख पटेल असे छायाचित्र, नाव किंवा शाळेचे नाव प्रसिद्ध करणे २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे.

वृक्षारोपणासारख्या कामांसाठी अक्षांश-रेखांश छापलेली छायाचित्रे मागितली जातात. दशांशचिन्हापुढे चार स्थळांपर्यंत दिलेले अक्षांश सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकी जागा सांगतात. अशी छायाचित्रे कार्यालयाला पाठवावीत, समाजमाध्यमांवर मुलांच्या चेहऱ्यांसह टाकू नयेत. फाइलच्या पोटातले ठिकाण काढण्यासाठी विंडोजमध्ये प्रॉपर्टीजच्या डिटेल्स या भागात सोय आहे. मात्र तीही प्रतीवरच वापरावी. मुलांच्या नावांची फाइल शाळेच्या संग्रहातच राहावी, ती कोणत्याही गटावर जाऊ नये.

(दृश्य : मुख्याध्यापकांचे टेबल, नोंदवह्या.)

शेवटी बदलीचा दिवस. हार्ड डिस्क ही शाळेची मालमत्ता आहे, म्हणून तिची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) असावी आणि पदभार देताना इतर वस्तूंबरोबर तिचाही उल्लेख यादीत यावा. तिच्यात कोणत्या वर्षांची फोल्डरे आहेत, हे एका ओळीत लिहावे आणि नव्या शिक्षकासमोर ती एकदा उघडून दाखवावी. शाळेच्या ऑनलाइन खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक बहुधा जुन्या शिक्षकाचाच असतो. तो त्याच दिवशी बदलावा, नाहीतर पासवर्ड विसरल्यावर येणारा संकेतांक दुसऱ्या तालुक्यात पोहोचतो. खात्यात वर्षातून काही वेळा तरी कोणी प्रवेश केला पाहिजे, कारण दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल पुसून टाकू शकते. हे सारे नव्या शिक्षकाच्या हाती आले, प्रती उघडतात याची खात्री झाली, की जुन्या शिक्षकाने आपल्या मोबाइलमधली मुलांची छायाचित्रे काढून टाकावीत. स्वतःच्या वर्गाबरोबरचे एखादे छायाचित्र आठवण म्हणून हवे असेल, तर ते मुख्याध्यापकांना सांगून ठेवावे.