चार चकत्या, एक फाईल

(चकतीचा क्लोज-अप. खिडकीतला उजेड तिच्यावरून हळूहळू सरकतो.)

घरी रेकॉर्ड केलेल्या चार डीव्हीडींवरचं चित्रण एडिटिंगसाठी एका सलग फाईलमध्ये आणायचंय. त्यातल्या या डीव्हीडीची मागची बाजू नीट बघा. आतला गडद पट्टा म्हणजे लिहिलेला भाग. कडेचं फिकट कडं म्हणजे कोरी जागा, आणि या चकतीवर ती जेमतेम नखाएवढी उरली आहे.

लेझर मधल्या भोकापाशी सुरुवात करतो आणि गोल गोल फिरत बाहेर येतो. दोन वेढ्यांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन. कारखान्यात छापलेल्या चकतीवर खळगे असतात. घरी रेकॉर्ड केलेल्या या चकतीवर रंगाचा एक पातळ थर आहे. तो लेझरने भाजलाय आणि दोन्ही बाजूंनी ०.६ मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवलाय. उन्हात ठेवली की हाच रंग उडायला लागतो.

(बोटं चकती कडेने धरतात.)

आता हात बघा. आपण सगळेच चकती कडेला धरतो, धरायची तशीच. पण रेकॉर्डिंगचा शेवट नेमका तिथेच असतो. पहिला ओरखडा, पहिला ठसा शेवटच्या मिनिटांवर पडतो.

(मऊ कापड. आतून बाहेर, सरळ रेषेत.)

पुसताना आतून बाहेर सरळ पुसायचं, गोल फिरवायचं नाही. आडवा ओरखडा एकेका वेढ्याला जरासा छेदून जातो आणि चुका दुरुस्त करायची जी सोय डीव्हीडीत आहे, ती तेवढं सांभाळून घेते. वेढ्याच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र सलग मजकूर खातो.

(ट्रे आत जातो. पडद्यावर फाईलींची यादी.)

चकती उघडली की 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर दिसतं. त्यातल्या व्हीओबी म्हणजे चित्र आणि आवाज. आयएफओ म्हणजे काय कशानंतर वाजवायचं याचा नकाशा, आणि बीयूपी म्हणजे त्या नकाशाची जादा प्रत. आकाराचा रकाना बघा. पहिल्या चार मोठ्या फाईली, चारही एक जीबीला किंचित कमी. पाचवी उरलंसुरलं.

हे प्रसंगांप्रमाणे पाडलेले भाग नाहीत. फाईल एक जीबीच्या पुढे जाऊ द्यायची नाही असा डीव्हीडीचा नियम आहे, म्हणून आकडा भरला की सुरी फिरते, मग समोरचा माणूस वाक्याच्या मधोमध का असेना. हे तुकडे सुटे सुटे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले की सांध्यावर दोनचार फ्रेम गळतात, आवाजात 'टक्' येतं. कधी आवाज येतच नाही, कारण डीव्हीडीवरचा आवाज एसी-३ नावाच्या पद्धतीने साठवलेला असतो आणि तो सगळ्याच सॉफ्टवेअरना उलगडत नाही.

नुसते एकामागे एक चिकटवले तर? चिकटतात. पण रेकॉर्डरवर दर वेळी बटण दाबलं की नवं टायटल, म्हणजे चित्रणाचा नवा तुकडा, सुरू होतं आणि घड्याळ शून्यावर येतं. चिकटवलेल्या फाईलमध्ये ही शून्यं तशीच राहतात. एडिटर मग एक तासाचं चित्रण अकरा मिनिटांचं दाखवतो, किंवा ओठ आणि आवाज वेगवेगळ्या वाटेने जातात. आयएफओचा नकाशा वाचणारं साधन हवं ते यासाठी.

(मोठ्या अक्षरात, पडद्यावर: आधी नक्कल.)

पण त्याच्याही आधी एक गोष्ट, आणि ती सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. चकती जशी आहे तशी, अख्खी, एका आयएसओ फाईलमध्ये उतरवून घ्या. काही उलगडू नका, काही दाबू नका, म्हणजे आकार लहान करू नका. बहुतेक जण थेट लहान एमपी४ करून मोकळे होतात. हँडब्रेकसारखं सॉफ्टवेअर ते काम छान करतं, बघायला काही वाईट दिसत नाही. पण डीव्हीडीवरचं एमपेग-२ चित्र आधीच एकदा दाबलेलं आहे. तुम्ही ते दुसऱ्यांदा दाबता, एडिट करून बाहेर काढताना तिसऱ्यांदा. चेहऱ्यावरचा बारकावा पहिल्या दोन खेपांतच जातो. चार चकत्यांचे मिळून १७-१८ जीबी. आजच्या हार्ड डिस्कला ते जाणवतही नाही.

(काळ्या पडद्यावर आकडे धावतात.)

खराब चकतीसाठी डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर. याची रीत मला आवडते. पहिल्या फेरीत सोपं ते भराभर उचलतो, अडलं की तिथे रेंगाळत नाही, पुढे उडी मारतो. मग मागे येऊन सुटलेल्या जागा एकेक करून खरवडतो. कुठलं मिळालं, कुठलं नाही, हे एका मॅप फाईलमध्ये लिहून ठेवतो. त्यामुळे तीच चकती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेलं मागता येतं. एक ड्राइव्ह जिथे हात टेकतो तिथे दुसरा वाचून दाखवतो, हे मी अनेकदा पाहिलंय. जुना, जाडजूड ड्राइव्ह टाकून देऊ नका.

चौथी चकती तीन ड्राइव्हमधून फिरवली. शेवटची अकरा मिनिटं आली नाहीत. मूळ कॅसेट कधीच टाकून दिलेली होती.

(मेकएमकेव्हीची यादी. माउस एका ओळीवर थांबतो.)

आता आयएसओमधून चित्र बाहेर काढायचं. त्यासाठी मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर. तो आयएफओचा नकाशा वाचतो आणि प्रत्येक टायटल न दाबता, आहे त्याच दर्जात एमकेव्ही फाईलमध्ये ठेवतो. एक फसगत मात्र आहे. १२० सेकंदांपेक्षा लहान टायटल तो मुळातच यादीत घेत नाही. पहिल्या चकतीवर सात टायटल होती, यादीत आली सहा. सातवं चाळीस सेकंदांचं. सेटिंगमध्ये ती मर्यादा शून्यावर आणली तेव्हा दिसलं.

(तेच चाळीस सेकंद. झोक्यावरची मुलगी. निवेदन नाही. मग चित्र थांबतं.)

इथे थांबवलं, कारण हे दाखवायचंय. झोका पुढे येताना तिच्या हाताला फणीसारखे दात फुटलेत. चकती खराब नाही. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या चित्रात ५७६ ओळी असतात. आधी एकाआड एक २८८ टिपल्या जातात, सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या २८८. तेवढ्यात झोका पुढे गेलेला असतो. संगणक दोन्ही क्षण एकाच चित्रात दाखवतो, म्हणून दात.

घाईने हे दात घासायला जाऊ नका. बरीच साधनं दोनातला एक क्षण फेकून देतात, सेकंदाला २५ चित्रं उरतात आणि झोका अडखळतो. दोन्ही क्षणांचं वेगवेगळं पूर्ण चित्र करून सेकंदाला ५० ठेवली की तो पुन्हा झुलतो. मी तर मूळ प्रत दातांसकटच ठेवते. दात काढायचे ते शेवटी, फिल्म बाहेर काढताना.

चेहरे लांबुडके वाटतायत? डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ५७६ असतं, पण त्याचे ठिपके चौरस नसतात. चार-तीनच्या चौकटीत ते ७६८ रुंद दिसायला हवं. एडिटरला ठिपक्यांचं प्रमाण सांगा, हाताने ताणू नका.

(टाइमलाइन. कर्सर मागेपुढे होतो, चित्र अडखळतं.)

एमकेव्ही तयार झाली तरी एडिटिंगला ती अजून बोजड आहे. एमपेग-२ मध्ये पूर्ण चित्र दर १२-१५ फ्रेमनंतर एकदा येतं. मधल्यांमध्ये फक्त काय बदललं तेवढी नोंद. मधल्या फ्रेमवर कात्री ठेवली की संगणकाला मागे जाऊन सगळा हिशोब मांडावा लागतो. म्हणून एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने प्रत्येक टायटल प्रोरेस या एडिटिंगसाठीच्या प्रकारात बदललं. तिथे प्रत्येक फ्रेम स्वतःच्या पायावर उभी. डीएनएक्सएचआर हा तसाच दुसरा प्रकारही चालतो. आवाज सरळ पीसीएम, म्हणजे न दाबलेला, ४८ किलोहर्ट्झ. तासाला साधारण १८ जीबी लागतात. हा आकार बघून लोक दचकतात. एडिट झाल्यावर ही फाईल पुसता येते, मूळ नक्कल तर शाबूत आहेच.

जोडणी सगळ्यात शेवटी. तिसऱ्या चकतीवर आवाज वेगळ्या प्रकारचा निघाला. कच्च्या फाईली जोडल्या असत्या तर तिथून पुढे सगळं मुकं. प्रोरेसमध्ये आल्यावर सगळ्या सारख्या झाल्या. मग नकाशातल्या क्रमाने एकामागे एक लावल्या आणि प्रत्येक चकती जिथे संपते तिथे एक खूण ठेवली, म्हणजे शंका आली तर मूळ चकतीपर्यंत मागे जाता येतं.

विकतच्या फिल्मच्या डीव्हीडीला बहुतेक वेळा नक्कल रोखणारं कुलूप असतं आणि त्याचा कायदा देशोदेशी वेगळा. या चारही चकत्या घरच्या आहेत, कुलूप नाही.

(रेंडरची पट्टी शेवटाला पोचते. फोल्डरमध्ये एकच फाईल.)

६९ जीबी. सलग तीन तास एकोणपन्नास मिनिटं.

(फाईल उघडते. झोका. मूळ आवाज.)