‘पिक अप’: कांद्याच्या गाडीपलीकडे

नमस्कार श्रोतेहो. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव असला की ट्रॅक्टरांच्या रांगेत पिकअपही उभ्या दिसतात. नाशिक जिल्ह्यात ही गाडी कोणाला समजावून सांगायला नको. ‘गाडीला पिकअप मस्त आहे’ असंही आपण म्हणतोच. ही झाली नामं. इंग्रजीत त्यांचा जोर ‘पिक’वर असतो. आज बोलायचंय ते क्रियापदाबद्दल. तिथे जोर ‘अप’वर जातो.

मूळ अर्थ उचलणं. आणि आपलं ‘उचलणं’ त्याच्यासोबत बरंच लांब चालतं. फोन उचलला, ‘पिक्ड अप द फोन’. पोलिसांनी संशयिताला उचललं, तिथेही तेच. कांद्याच्या भावाने उचल खाल्ली, ‘प्राइसेस पिक्ड अप’. (मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र यात धरू नका, तो अ‍ॅडव्हान्स!) सातपूरच्या कारखान्यात परराज्यातून आलेला कामगार चहाच्या टपरीवर, शेजारपाजारी ऐकून ऐकून मराठी उचलतो: ‘ही पिक्ड अप मराठी’. तीच मराठी त्याने क्लास लावून शिकली असती, तर तिथे ‘लर्न्ड’ शोभलं असतं. मला या क्रियापदाचा हाच अर्थ सगळ्यात आवडतो.

पुढे मात्र आपलं ‘उचलणं’ थांबतं. ‘आय पिक्ड अप अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली. ‘आय विल पिक अप द बिल’ म्हणजे बिल मी देतो. नुसता कागद उचलून भागत नाही. डोंगराआड रेडिओ खरखरतो आणि वळण संपलं की स्टेशन पकडतो, तेही पिक अप.

आता अडखळायची जागा. ‘पिक अप द बॅग’ म्हणा की ‘पिक द बॅग अप’, दोन्ही चालतं. पण बॅगेच्या जागी ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं: ‘पिक इट अप’. ‘मी’, ‘हिम’, ‘देम’ यांचंही तसंच. नाशिकरोडला गाडीतून उतरून ‘पिक अप मी’ असा मेसेज धाडलात, तर मुलगा न्यायला येईल, पण देवळाली गावापर्यंत हसत राहील. ‘पिक मी अप’ लिहा, आणि कोणत्या प्लॅटफॉर्मवर आहात तेही.