पावसात न बुडणारं घर

श्रोतेहो, नमस्कार. आज आपण मादागास्करच्या पूर्वेकडच्या डोंगरउतारांवर जाऊ. हिंदी महासागरावरून येणारे वारे इथे अडतात, त्यामुळे तिथलं रान जवळजवळ वर्षभर ओलं असतं. याच रानात धूमकेतू पतंग राहतो. शास्त्रीय नाव आर्जेमा मित्रेई.

रंग पिवळाधमक, चारही पंखांवर डोळ्यांसारखे तांबूस ठिपके, पंख पसरले की जवळपास 20 सेंटिमीटर रुंदी. नराच्या मागच्या पंखांना 15 सेंटिमीटरपर्यंत लांब शेपट्या असतात, हे नाव त्यांच्यामुळेच पडलं. सगळे त्या शेपट्यांचंच कौतुक करतात. मला मात्र या पतंगाचा कोश जास्त विलक्षण वाटतो.

डोळ्यांसमोर आणा. फांदीवर एक रुपेरी कोश आहे आणि त्याला भोकंच भोकं आहेत. वाटतं, अळीनं काम अर्धवट टाकलं की काय! पण ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. आत प्यूपाला, म्हणजे अळीचा पतंग होत असतानाच्या जिवाला, दोन ते सहा महिने काढायचे असतात आणि बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही. कोश घट्ट बंद असता तर पाणी आत साठून जीव बुडाला असता. इथे ते आलं तसं निथळून जातं.

आणि तो रुपेरी रंग? 2018 साली कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हे रेशीम तपासलं. प्रत्येक धाग्यात लांबीच्या दिशेनं हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या सापडल्या. त्या ऊन परतवून लावतात, म्हणून धागा चांदीसारखा चमकतो आणि कोश तापत नाही. एका अळीनं स्वतःच्या लाळेतून विणलेलं हे घर आहे, हे विसरू नका.

इतक्या तयारीनंतर बाहेर पडणाऱ्या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या शिदोरीवर चार-पाच दिवस, बस्स. तेवढ्यात नरानं पिसांसारख्या मिशांनी मादीचा गंध हेरून अंधारातून तिच्यापर्यंत पोहोचायचं आणि तिनं शंभरावर अंडी घालायची.

तिथे भातासाठी जंगल तोडून जाळण्याची जुनी रीत आहे, तिला तावी म्हणतात. पोटासाठी राबणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण रानाचे तुकडे होत गेले, तर एका तुकड्यातल्या नराला दुसऱ्या तुकड्यातली मादी शोधायला हेच चार-पाच दिवस मिळणार आहेत.