स्पेक्ट्रम, टीव्ही आणि मधला पत्र्याचा डबा

टीव्हीच्या पडद्यावर खालची ती ओळ वाचता येतेय का बघा. १९८२, सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड असं लिहिलंय तिथे, पण मला माहितीय म्हणून मी वाचतोय. मी हे मशीन पहिल्यांदा लावलं तेव्हा वाटलं, गेलं कामातून. मशीन ठणठणीत होतं.

हा झेडएक्स स्पेक्ट्रम, सिंक्लेअरचा घरगुती कॉम्प्युटर. ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ ला आला, रबरी बटणं, स्वस्तात मस्त, आणि स्वस्त म्हणजे मॉनिटर वेगळा घ्यायचाच नाही, घरचा टीव्ही वापरायचा. (भारतातही पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने याच्याच प्लस मॉडेलची लायसन्सवाली आवृत्ती आणली होती.) आता तेव्हाच्या बहुतेक टीव्हींना आत शिरायची वाट एकच, अँटेनाची, त्यामुळे बिचाऱ्या कॉम्प्युटरलाच छोटं टीव्ही स्टेशन व्हावं लागलं.

म्हणजे कसं, तर यूएलए नावाची चिप चित्र बनवते, २५६ बाय १९२ ठिपके, शेजारची एलएम१८८९ त्यात रंग मिसळते, आणि इथे काँपोझिट व्हिडिओ, म्हणजे सगळे रंग एकाच वायरीत मिसळलेलं चित्र, तयार झालेला असतो, एकदम बरा. मग तो जातो या पत्र्याच्या डब्यात, मॉड्युलेटरमध्ये, तिथे त्याला टीव्ही प्रक्षेपणाच्या यूएचएफ पट्ट्यातल्या ३६ नंबरच्या चॅनेलवर चढवतात आणि वीतभर पुढे टीव्ही त्याला परत खाली उतरवतो. सगळी घाण या चढउतारात होते.

मग हा डबा वाटेतून वगळायचा आणि व्हिडिओ सरळ टीव्हीच्या काँपोझिट इनपुटला द्यायचा, बस. बोर्डवरून डब्यात दोन वायरी जातात, एक पाच व्होल्टची, एक व्हिडिओची, दोन्ही सोडवायच्या. डब्यात सॉकेटच्या मधल्या पिनला एक बारका रेझिस्टर असतो तोही सोडवायचा, आणि व्हिडिओ १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून थेट त्या पिनला, प्लस बाजू बोर्डाकडे. भोक तेच, केसला ड्रिल लावायचं नाही, आणि प्लीज लावू नका.

झाकण मात्र हळू उचला, कीबोर्डच्या दोन पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात आणि इतक्या वर्षांत त्यांचा पापड झालेला असतो. मी झटक्यात उचललं. टक्. नवीन मेंब्रेन, म्हणजे बटणांखालचा तो पट्ट्यांचा पातळ पडदा, मागवण्यात तीन आठवडे गेले, माझा हा व्हिडिओ लेट का आला ते आता कळलं असेल.

आता अक्षरं बघा, कडा दिसतायत. लाल निळ्याला लागून आला की अजून थरथरतो, ते काँपोझिटचं दुखणं, त्याला आरजीबी लागतं, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या वायरींतून, आणि ते पुढच्या १२८ मॉडेलला मागे मिळतं, याला नाही. आणि काही नवे टीव्ही या ३१२ लाईनींच्या चित्राला इंटरलेस, म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र, समजून उगाच चिरफाड करतात, तिथे अपस्केलर, म्हणजे जुनं चित्र नव्या टीव्हीजोगं करणारं यंत्र, घ्या, पण घेताना काँपोझिट इनपुट आहे ना बघा, मूळ ओएसएससी नावाच्या अपस्केलरला नाहीये.

काढलेला रेझिस्टर मी पुडीत घालून केसच्या आतच चिकटवलाय. पुढच्या मालकाला परत ३६ नंबर लावायचा असेल तर असू दे.